माझ्या लाल झिंग्यांत एक निळा निघाला : रोग म्हणावा का नवा रंग?

तलावकाठचा | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. साकोली तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवर दोन फुटी काचेची टाकी ठेवली आहे. सातबारा काढायला आलेला माणूस सर्व्हर डाऊन असला की झिंगे पाहत बसतो, भांडत नाही. टाकीचा खर्च तिथेच वसूल.

दोन वर्षांमागे नागपूरहून रेड चेरी श्रिंपचे २० नग मागवले, एसटी पार्सलनं. १७ जिवंत पोचले. आता दीडशेच्या आसपास असतील. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३१० ते ३४०. स्पंज फिल्टर, तळाला काळी बारीक गिट्टी, खायला उकडलेला पालक, शेवग्याचा वाळला पाला, जंगली बदामाचं पान.

परवा सकाळी दुकान उघडलं तर एक झिंगा निळा. फिकट नाही, फाउंटन पेनच्या शाईसारखा. पोट रुंद आहे, म्हणजे मादी असावी. चरते आहे, पळते आहे, आजारी वाटत नाही. बाकी सगळे लालच आहेत. मधूनमधून एखादा मातकट निघतो, तो मी अंगणातल्या सिमेंटच्या हौदात टाकतो (त्यात गायीसाठी अझोला आहे, पाण्यावर तरंगणारा हिरवा चारा).

बाबांचं म्हणणं असं की मागच्या पावसाळ्यात त्यांनी तलावातून पाणवनस्पती आणून टाकीत लावली होती, तिच्यासोबत तलावातला झिंगा आला आणि "संकर" झाला. असं होतं का? हा रोग असेल तर बाकीच्यांना लागेल का? आणि नवीन रंग असेल तर पुढं काय करायचं?

फोटो टाकले आहेत. मोबाईल जुना आहे, गोड मानून घ्या.

---

नागपुरी_तर्री

स्टॅम्प पॅडची बाटली सांडली असन भौ टाकीत. झेरॉक्सच्या दुकानात अजून काय होईन.

---

पुणेरी_शंका

यात नवीन काही नाही. विक्रेत्याने मिक्स टाकीतला माल लाल म्हणून दिला. निओकॅरिडिनाचे (तुमची चेरी यातलीच) सगळे रंग, म्हणजे लाल, पिवळा, निळा, काळा, नारिंगी, एकाच जातीचे आहेत. एकत्र ठेवले की ते आपसात जुगतात आणि काही पिढ्यांत सगळे मूळच्या जंगली मातकट रंगावर जातात. निळा वेगळा काढा, मातकट सगळे काढून टाका, लाल स्वच्छ ठेवा. विषय संपला.

---

नागपुरी_तर्री

विषय पुण्यात संपला असन. आमच्याकडं आत्ता कुठं चहा ठेवला.

---

सिंदेवाहीची_मास्तरीण

प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. राग मानू नये.

भाऊ, आधी सांगा, हा रंग तुम्ही दिवसा उजेडी पाहिला की रात्री टॉर्च मारून? उगाच विचारत नाही. युरोपच्या किनाऱ्यावर हिपोलायटी व्हेरियन्स नावाचा एक छोटा झिंगा आहे. दिवसा तो ज्या शेवाळावर बसेल त्या रंगाचा दिसतो, कुठे हिरवा, कुठे तपकिरी, कुठे लाल. अंधार पडला की सगळे एकजात निळसर काचेसारखे होतात. झिंग्याच्या कातडीत रंगपेशी असतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य पसरलं की रंग गडद, आकसलं की अंग पारदर्शक. हे चालतं डोळ्यांच्या देठांतून सुटणाऱ्या संप्रेरकांवर. तुमच्या काळ्या गिट्टीवर लाल झिंगे गडद दिसतात आणि पांढऱ्या वाळूवर फिके पडतात, त्याचं कारणही हेच.

आता निळ्याचं. कवचवाल्या प्राण्यांत निळा म्हणजे बहुतेक वेळा वेगळा रंग नसतोच. लाल रंगद्रव्य असतं अ‍ॅस्टाझँथिन. ते एका विशिष्ट प्रथिनाला बांधलं गेलं की निळं दिसायला लागतं. आपण झिंगे कढईत टाकले की लाल होतात, ते याच्यामुळेच. आचेनं प्रथिन मोडतं आणि अडकलेला लाल मोकळा होतो. म्हणजे निळ्याच्या आत लाल बसलेलाच असतो.

रोगाबद्दल बोलायचं तर तीन गोष्टी तपासा. टायगर झिंग्यांच्या शेतीत खाद्यातली रंग देणारी द्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइडं, कमी पडली की झिंगे निळे पडतात. पण तुमच्याकडे तसं असतं तर सगळेच निळसर झाले असते, एकटीच का होईल? दुसरं, इरिडोव्हायरस. दगडाखाली हात लावला की गोळी होणारा किडा असतो ना, त्याला हा विषाणू झाला की तो जांभळा-निळा चमकतो, तेलाच्या तवंगासारखा. तुमच्या मादीचा रंग कोन बदलला की चमकतो का, ते पाहा. तिसरं, अंगातलं मांस दुधासारखं पांढरं झालंय का? तसं असेल तर सूक्ष्म परजीवी असू शकतो आणि मग ती लगेच वेगळी काढायची.

संकराचं मात्र बाबांना सांगा, ते शक्य नाही. आपल्या तलावातले लांब नांग्यांचे झिंगे मॅक्रोब्रॅकियम, त्यांचं कुळ वेगळं. चेरी ज्या कुळातली आहे त्या झिंग्यांच्या नांग्यांना टोकाशी केसांचे झुपके असतात, त्यांनी ते शेवाळ खरवडून खातात. तलावातला लांब नांगीचा झिंगा तुमच्या टाकीत आला असता तर लग्न नसतं केलं, जेवण केलं असतं.

---

तलावकाठचा

मॅडम, लय आभार. दिवसाच पाहिला, सकाळी नऊला. चमक नाही, सगळ्या बाजूंनी सारखाच गडद. मांस पारदर्शकच आहे, रंग कवचाखाली वाटतो. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जेवण केलं असतं हे बराबर, लग्नाचं पाहू."

---

धानाचा_बांध

मी लाखांदूरकडचा. वय झालं जी, मोबाईलवर बोलून लिवतो, चुकलं तं सांभाळून घ्या.

आमचे बाप-आजे मालगुजारी तलावावर जाळं टाकत. झिंग्याचा रंग पाणी पाहून राहते हे मास्तरीणबाई म्हणतात ते खरं आहे. पहिल्या पाण्यात तलाव गढूळ राहते तवा झिंगे पांढुरके, काचेवाणी. दिवाळीनंतर पाणी निवळलं, बुडाशी झाडोरा वाढला की तेच झिंगे हिरवट-काळपट. आमची माय टोपलीत हात घालून सांगे, हा गवतातला, हा गाळातला.

मोठा झिंगा, ज्याचं बीज मत्स्यवाले तलावात सोडतात, त्याच्या काही नरांच्या नांग्या निळ्याशार राहतात. लहानपणी आमाले वाटे ते वेगळ्या जातीचे. दादा सांगे, तो घरातला कर्ता आहे, म्हणून निळा.

---

सिंदेवाहीची_मास्तरीण

दादा, तुमच्या दादांनी बरोब्बर सांगितलं होतं! मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीच्या नरांत तीन तऱ्हा असतात. लहान नर, नारिंगी नांगीचे नर आणि निळ्या नांगीचे नर. निळ्या नांगीचा सगळ्यांवर दादागिरी करतो. नारिंगी नांगीचा नर मोठा होता होता निळ्या नांगीचा होऊ शकतो. म्हणजे तिथं रंग हा जातीचा नसून हुद्द्याचा आहे. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होतात.

---

नागपुरी_तर्री

म्हणजे गावात निळी गाडी घेतली की सरपंच. पटलं.

---

वरुडचा_संत्रा

तलावकाठचा भाऊ, मी श्रिंपचा थोडा धंदा करतो, घरूनच. ती मादी मला द्या, ५०० देतो. वर १० ब्लडी मेरी (गडद लाल झिंगे) फ्री.

इथं कुणी म्हणेल एका झिंग्याला ५०० म्हणजे येडेपणा. मग ऐका. जपानमध्ये हिसायासु सुझुकी नावाचे गृहस्थ होते. १९९०च्या दशकात त्यांच्या काळ्या-पांढऱ्या 'बी' (म्हणजे मधमाशी) श्रिंपच्या पिल्लांत लाल-पांढरं पिल्लू निघालं. काळ्याच्या जागी लाल, बस एवढाच फरक. पठ्ठ्यानं ते टाकून न देता त्याच्यावर काम केलं, पिढ्यान्पिढ्या निवडत गेला. त्यातून क्रिस्टल रेड श्रिंप आली, जी पुढं जगभर गेली आणि डोळे फिरतील अशा भावानं विकली गेली. काय सांगता, तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात साकोली ब्लू बसली असेल.

---

पुणेरी_शंका

क्रिस्टल रेड कॅरिडिना आहे, निओकॅरिडिना नाही. दोन्हींचं पाणी वेगळं, भाव वेगळा, आणि ते एकमेकांत जुगतही नाहीत. कृपया लोकांना स्वप्नं विकू नका. ब्लू ड्रीम आणि ब्लू व्हेलव्हेट या निळ्या चेरी कुठल्याही शहरात मिळतात.

---

वरुडचा_संत्रा

मी झिंगे विकतो साहेब. स्वप्नं तुमच्याकडं महाग भेटतात.

---

खारपाण_दर्यापूर

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. ३१० टीडीएसचं बोअर वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, माझ्या विहिरीचा टीडीएस १९००. पहिल्या खेपेला आणलेल्या झिंग्यांनी कात टाकायला घेतली आणि अर्ध्यातच अडकून मेले. मानेपाशी पांढरा पट्टा दिसे, आणि दुसऱ्या दिवशी खेळ खलास. आता आरओचं पाणी आणि विहिरीचं पाणी ६ ला १ असं मिसळतो. दुकानवाला म्हणे, मिनरल पावडर घ्या. म्हटलं, बाबा, माझ्या विहिरीत इतकं मिनरल आहे की तूच घेऊन जा.

आणि एक. पाणी उडालं की वरून तेच बोअरचं टाकू नका. वाफ होते ती पाण्याची, क्षार खालीच राहतात. उन्हाळ्यात महिन्याभरात ३१०चे ५०० होतात आणि माणसाला कळतही नाही.

---

तलावकाठचा | २ मार्च

नवीन खबर. निळी अंडीवाली झाली! पोटाखाली पंचवीसेक अंडी, हिरवट-राखाडी. बाप टाकीतलाच कुणी लाल असणार. वरुडवाले भाऊ, ५०० राहू द्या आता.

मास्तरीणबाईंनी म्हटलं तसं तिला सोबत गाजर आणि स्पिरुलिना पण देतो आहे, खाण्याची कमतरता असेल तर लाल होते का पाहायला. मध्ये एकदा कात टाकली. कात पारदर्शक, आतून ती पुन्हा तशीच निळी.

आता तिला वेगळं कुठं ठेवू? दुसरी टाकी नाही.

---

धानाचा_बांध

रांजण घ्या जी. कुंभाराकडचा रुंद तोंडाचा, आत रंग-बिंग न लावलेला. चार-आठ दिवस पाणी भरून ठेवा, बदलत राहा, मग अंगणात झाडाखाली अर्धा मातीत गाडा. उन्हाळ्यात काचेच्या टाकीचं वरण होते. रांजण झिरपते, थंडा राहते.

---

पुणेरी_शंका

मातीच्या रांजणात झिंगे? काच नाही म्हणजे दिसणार कसे? मोजणार कसे?

---

धानाचा_बांध

वरून पाह्यचं. आमी साऱ्या जिनगानीत झिंगे वरूनच पाह्यले.

---

चांदूरची_सून

रांजण ठेवा पण एक सांगते. गेल्या वर्षी डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी पाण्यात औषध टाकायला आले. मी शेतात होते. सासूबाईंनी कौतुकानं हौद दाखवला, "इथं पण टाका, इथं डास लय." संध्याकाळी आले तर दोनशे झिंगे बुडाशी, सगळे लाल-गुलाबी, उकडल्यासारखे. डासांच्या अळ्या मारणारी बरीच औषधं झिंग्यालाही मारतात, दोघांची घडण जवळची. गावात मिळणारे फुकटचे गप्पी मासे तेवढे घ्या, पण ते वेगळ्या हौदात, कारण गप्पी पिल्लं खातात. आता माझ्या हौदावर खडूनं लिहिलंय, "औषध टाकू नये, आत पोरं आहेत." सासूबाई वाचून रोज हसतात.

फवारणीचे हात न धुता टाकीत हात घालणं, टाकीशेजारी रात्रभर डासांची अगरबत्ती, हे पण तसंच.

---

बुटीबोरी_नाईटशिफ्ट

सगळं वाचलं. एकच प्रश्न. खायचे केव्हा?

---

चांदूरची_सून

दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो भाऊ पूर्ण वाढलेला. दीडशे धरले तरी तुमच्या एका घासाचे. सुके झिंगे आणा, आंबाडीच्या भाजीत टाका, मिटला विषय.

---

नागपुरी_तर्री

आंबाडीत?? झिंगे वांग्यात जातात. आंबाडीत तुरीची दाळ जाते. संस्कार नावाची काही चीज राह्यली का नाई?

---

धानाचा_बांध

दोन्हीत जातात. आधी कोरडे भाजून घ्यायचे, डोकं-शेपटी चोळून पाखडायची. ते न करता टाकले तं कशातही वाया जातात.

(यावर पुढचे अकरा प्रतिसाद आंबाडी विरुद्ध वांगे असे झाले. संपादकांनी ते पाककृती विभागात हलवले आहेत. झिंग्यांवर या.)

---

तलावकाठचा | ९ एप्रिल

पिल्लं निघाली. सत्ताविसाव्या दिवशी रांजणात पांढरी टिंबं पळताना दिसली, दोन मिलिमीटर असतील. बॅटरी लावून वरून मोजली, २३. धानाचा बांध दादा, दिसतात वरून.

बाहेर ४३ अंश आहे. काचेच्या टाकीचं पाणी दुपारी ३२ला गेलं, लाईट गेली की पंप बंद. १४ झिंगे गेले. रांजणाचं २७. कूलरच्या हवेत टाकी ठेवली तर पाणी उतरतं पण उडतंही भराभर, आरओचं वरून टाकतो. दर्यापूरवाल्यांचं लक्षात ठेवलं.

---

तलावकाठचा | २६ मे

निळी गेली. काल दुपारी साडेचार तास लाईट नव्हती. पिल्लं झाल्यावर तिला परत काचेच्या टाकीत आणलं होतं, ग्राहक विचारायचे म्हणून. चूक माझी.

पिल्लं रांजणात ठीक आहेत, आता सेंटिमीटरभर झाली. आणि २३च्या २३ मातकट. एकही निळा नाही, एकही धड लाल नाही.

---

वरुडचा_संत्रा

फार वाईट झालं भाऊ. ५०० घेतले असते तर ती माझ्याकडं एसीत असती, असं म्हणणार होतो, पण म्हणत नाही.

---

पुणेरी_शंका

वाईट वाटलं. पण निकाल अपेक्षितच होता. आता मातकट काढून टाका.

---

सिंदेवाहीची_मास्तरीण

थांबा, थांबा. काहीही काढून टाकू नका! शंकाराव, तुम्ही पहिल्या दिवशी अर्धं बरोबर बोललात, उरलेलं अर्धं आत्ता चुकता आहात.

बघा, लालांच्याच वंशात एका जनुकात बदल होऊन निळा निघाला असता आणि तो दबणारा असता (म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा), तर लाल बापाची पिल्लं लालच निघायला हवी होती. ती मातकट निघाली. म्हणजे लालाचं आणि निळ्याचं कुलूप, म्हणजे जनुक, वेगवेगळ्या जागी आहे. पिल्लाला आईकडून लालाच्या कुलपाची जंगली किल्ली मिळाली, बापाकडून निळ्याच्या कुलपाची. दोन्ही उघडली, आणि बाहेर आलं ते तैवान-चीनच्या ओढ्यातलं मूळचं मातकट रूप.

भाऊ, तुम्ही पहिल्याच लेखात एक वाक्य सहज लिहून गेलात, की मधूनमधून मातकट निघतो आणि तो तुम्ही हौदात टाकता. दोन वर्षांपूर्वी आलेल्या १७ जणांत एखादा निळ्या रक्ताचा मिसळलेला होता. तो रंग मातकटांच्या पोटात लपून तुमच्या टाकीत फिरत होता. तुम्ही मातकट हौदात टाकत होतात, म्हणजे निळेही टाकत होतात. ही एक मादी त्यातून निसटली.

आता ती २३ भावंडं एकत्रच राहू द्या. त्यांची पिल्लं होतील तेव्हा मोजा. आणि हौदात डोकावून पाहा, तिथं काय चाललंय.

---

तलावकाठचा

मॅडम, हौदात अझोला इतका दाटलाय की काहीच दिसत नाही. गायीला घालायला बाबा टोपलीनं काढतात. आता घाबरून विचारलं तर म्हणाले, "झिंगे निघतात कधीमधी, टाकतो परत." रंग कोणता? "अंधारात कोण पाहते."

---

नागपुरी_तर्री

गायीचं दूध निळं आलं तं कळवा.

---

खारपाण_दर्यापूर

मॅडमचं कुलूप-किल्ली पहिल्यांदा समजलं. बारावीला हेच मटारवर शिकवलं होतं, तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

---

तलावकाठचा | १८ सप्टेंबर

धानावर तुडतुडे आले, आजूबाजूला फवारण्या सुरू. हौद आणि रांजण दोन्ही ताडपत्रीनं झाकून ठेवतो, वारा आमच्याकडं असला की दिवसभर. रांजणात नवीन पिल्लं आहेत. रंग अजून कळत नाही.

बाबांचा नवीन हट्ट असा की रांजण भरला, जास्तीचे तलावात सोडून देऊ, "वाढतील बिचारे." मी नाही म्हणालो, पण कारण नीट सांगता आलं नाही.

---

सिंदेवाहीची_मास्तरीण

अजिबात सोडू नका! जर्मनीत वीज केंद्राचं कोमट पाणी येणाऱ्या एका ओढ्यात याच चेरी लोकांनी सोडल्या आणि त्या तिथं वस्ती करून बसल्या. हवाईतही तसंच. आपल्या तलावात आधीच याच कुळातले बारके, काचेसारखे झिंगे आहेत, कॅरिडिनाच्या जातीचे. सोबत कुठला परजीवी गेला तर तो आधी त्यांना धरणार. आणि चेरीच्या पिल्लांना समुद्र लागत नाही, अंड्यातून थेट आईची छोटी प्रतच बाहेर येते, म्हणून पसरायला अडथळा नाही.

---

धानाचा_बांध

नका सोडू जी. तलावात आधी काय काय सोडलं ते आमी पाह्यलं. सोडणारा निघून जाते, जाळं आमचं राहते.

---

तलावकाठचा | २३ नोव्हेंबर

कापणीत होतो, उशीर झाला. काल रांजण अर्धा उपसून, पांढऱ्या घमेल्यात घेऊन एकेक मोजला. बायकोनं लिहून घेतलं, मी ओरडलो. एकूण ४१. मातकट २६, लाल ८, निळे ५, आणि दोन असे की रंगच नाही, नुसती काच, आतलं शेवाळ दिसतं.

पाच निळे! त्यातले दोन तर आजीपेक्षा गडद.

---

सिंदेवाहीची_मास्तरीण

वा! मेंडेलनं १८६६ साली मटारावर छापलेला हिशेब इथं लावला तर सोळा भागांत मातकट ९, लाल ३, निळे ३, काचेसारखा १ असे यायला हवेत. ४१चे म्हणजे साधारण २३, ८, ८ आणि २-३. तुमचे २६, ८, ५, २. इतक्या थोड्या नगांत याहून जवळ काय येणार! तरी चौकट करून भिंतीवर लावू नका. नर मुळातच फिके असतात, तुमच्या मातकटांत दोन-तीन फिके निळे नर लपलेले असू शकतात. महिनाभरानं पुन्हा मोजा. आणि वहिनींची वही जपून ठेवा, मला वर्गात दाखवायला फोटो हवा आहे.

---

पुणेरी_शंका

मान्य. मी असतो तर मे महिन्यातच सगळे मातकट माशांना घातले असते. काचेसारखे दोन वेगळे ठेवा, त्यांच्यात दोन्ही आहेत.

---

वरुडचा_संत्रा

५ निळ्यांचे २५००. बोलणं आत्ता, पैसे आत्ता.

---

तलावकाठचा

निळे नाही देत भाऊ, अजून वर्षभर तरी. लाल हवे तर घ्या.

---

धानाचा_बांध

निळे ठेवा तुमी. त्या सव्वीसातले पाच-सात मातकट असले तं मले द्या. आमच्या इकडं तलावातले तसे झिंगे आता कमी दिसतात, नातवाले दाखवावं म्हणतो, असा रंग राहे म्हणून. रांजण तयार आहे. लाखांदूरले पार्सल येते का अजून एसटीनं?

---

तलावकाठचा

येते दादा. सकाळच्या गाडीनं पाठवतो, उन्हाच्या आधी. दहा टाकतो, रस्त्यात दोन-तीन जातात. कंडक्टर ओळखीचा आहे, इंजिनाजवळ ठेवू नको म्हणून सांगतो. स्टँडवर डबा घ्यायला कोण येईल ते कळवा.